प्लॅट नदीवर करकोचे पाहायला जाताना

मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या नेब्रास्कात असाल तर बाकीचे बेत पुढे ढकला आणि प्लॅट नदीवर जा. ओमाहाहून आय-८० महामार्गाने तीनेक तासांत कार्नी येतं. तिथे नदीकाठी ५ लाखांहून जास्त सँडहिल क्रेन उतरलेले असतात. आपल्या करकोच्याचेच हे थोराड भाऊबंद: करडी पिसं, कपाळावर लाल टिळा.

आधी त्यांचा दिनक्रम समजून घ्या. दिवसभर ते मक्याच्या कापलेल्या शेतात सांडलेले दाणे टिपतात. रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभ्या-उभ्या झोपतात, म्हणजे कोयोटे (तिथला कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) आला तर पाणी वाजतं. म्हणून नदीवर जायचं ते उजाडताना किंवा मावळताना.

पहिल्यांदा जाणाऱ्याने संध्याकाळ धरावी. फोर्ट कार्नीजवळच्या जुन्या रेल्वेपुलावर सूर्यास्ताच्या तासभर आधी जागा पकडा. पहाटेसाठी गिबनजवळच्या रो अभयारण्यातली लपणं (पक्ष्यांना न दिसता बसायच्या जागा) बरीच आधी बुक करावी लागतात. अंधारात आत शिरायचं, मोबाइलचा उजेडसुद्धा नको, आणि पक्षी उठेपर्यंत बाहेर पडायचं नाही. मोजे दोन जोड्या घाला. पायांची थंडी सगळ्यात वाईट.

दिवसा शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवर गाडी हेच तुमचं लपण. काच खाली करा, इंजिन बंद करा, पण उतरू नका. गाडीला ते बुजत नाहीत, माणसाला बुजतात. पहिल्या वर्षी आईला नीट दिसावं म्हणून मी दार उघडलं आणि अख्खं शेत उठलं. मला फार वाईट वाटलं. यांतल्या काहींना थेट सैबेरिया गाठायचाय, आणि वाटेपुरती चरबी याच मक्यावर चढते. आपल्यापायी त्यांना एक भरारीही फुकट घ्यायला लागू नये.

बदकं बघायची तर थोडं आधी, मार्चच्या सुरुवातीला या. नदीच्या दक्षिणेला रेनवॉटर बेसिनमधली पाणथळ तळी आहेत. तिथे उजनीला हिवाळ्यात येतं तेच तलवार बदक दिसलं, आणि आईने माझा हातच धरला.

दुर्बीण थोडा वेळ खाली ठेवून कानही द्या. मोठ्यांचा घशातून येणारा खर्जातला गर्रर्र आवाज मैलभर जातो. त्यात मधूनच बारीक शीळ ऐकू येते. ते गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू; त्याचा आवाज अजून फुटलेला नसतो. शीळ आली त्या दिशेला पाहा: दोन मोठे आणि मधे ते, तिघं लागून उभे असतात.