सांगलीची हळद न्हावा शेवाला निघण्याआधी: चहापाण्याला वाव न ठेवणारी तयारी

कस्टम्समध्ये 'वरचे' मागायला जागा मिळते ती बहुतेकदा अर्धवट कागदांमुळे. गाडी बंदराच्या दारात, जहाजाचा कट-ऑफ (माल घेण्याची शेवटची वेळ) जवळ आणि वजनात फरक निघाला, की देणाऱ्यालाच जास्त घाई होते. म्हणून पुढचं सगळं मार्केट यार्डातून निर्यातीचा माल हलण्याआधी उरका.

आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड नंबर) दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अपडेट करावा लागतो, काहीही बदललं नसलं तरी. राहिला तर तो बंद पडतो आणि शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज) अडतं. एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नवं. स्पाइसेस बोर्डाची नोंदणी चालू हवी. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, चढलाय का, हे स्वतःच्या लॉगिनने बघा. एजंटाच्या 'झालंय हो'वर विसंबू नका.

खरा वेळ द्यायचा तो मालाच्या वर्णनाला. कस्टम्सच्या वर्गीकरणात वाळलेल्या हळकुंडांचा कोड ०९१०३०२०, पुडीचा ०९१०३०३०. दोन्ही एकाच कंटेनरमध्ये असतील तर इन्व्हॉइसवर दोन वेगळ्या ओळी हव्यात. पोत्यांची संख्या, निव्वळ वजन आणि एकूण वजन हे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल तिन्हींत तंतोतंत जुळवा. काट्याची पावती जोडा. ई-संचितवर (कस्टम्सला कागद ऑनलाइन देण्याची सोय) चढवलेल्या प्रत्येक कागदाचा आयआरएन, म्हणजे त्याला मिळालेला नंबर, टिपून ठेवा, म्हणजे 'कागद मिळालाच नाही' असं म्हणायची सोय उरत नाही.

कंटेनर गोदामातच सील करणार असाल तर आरएफआयडी ई-सीलचा (रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या सीलचा) नंबर, तारीख, वेळ आणि गाडी नंबर गाडी सुटण्यापूर्वी नोंदवा. सील तुटलेलं दिसलं की कंटेनर तपासणीला जातो. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने सांगलीहून ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मुदत दोन दिवसांची मिळते. पुण्याजवळची कोंडी धरूनच गाडी काढा.

कस्टम ब्रोकरला, म्हणजे एजंटाला, अधिकारपत्र लेखी द्या आणि दरपत्रक आधी ठरवा. बिलात विनापावती 'किरकोळ खर्च' ही ओळ मान्य करू नका. लाच बहुधा तिच्याच आड जाते. खात्याकडून पत्र किंवा समन्स आलं तर त्यावरचा डीआयएन (प्रत्येक पत्राचा वेगळा ओळख क्रमांक) सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम्स ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर तपासा. ही पद्धत नोव्हेंबर २०१९ पासून आहे.

एवढं करूनही मागणी झालीच, तर तारीख, वेळ, जागा, शिपिंग बिलाचा नंबर आणि मागणीचे शब्द त्याच दिवशी लिहा. कस्टम्सचे अधिकारी केंद्राचे, म्हणून तक्रार सीबीआयच्या मुंबईतल्या लाचलुचपतविरोधी शाखेकडे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने पैसे द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तरच त्यातून सुटका आहे.