सहलीचा बेत मोडल्यावरचा पहिला तास

मुलुंडच्या आमच्या घरात आठ माणसे आहेत आणि गेली पंधरा वर्षे सहलींची आखणी माझ्याकडे आहे. या काळात जेवढ्या सहली ठरल्या तशा पार पडल्या, जवळजवळ तेवढ्याच मोडल्या. प्रतीक्षायादी पुढे सरकली नाही, वडखळच्या कोंडीत दुपार गेली, समुद्र खवळल्यामुळे बोट सुटली नाही, निघायच्या दिवशी मुलाला ताप आला. अशा वेळी लोक हमखास दोन सल्ले देतात. ‘सकारात्मक राहा’ हा पहिला, आणि तो पहाटे पाच वाजता सामानासह रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला देणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. ‘पर्यायी बेत आधीच तयार ठेवा’ हा दुसरा. तो मी दोन वेळा पाळून पाहिला. दोन्ही वेळा घरातल्या निम्म्या माणसांना पर्यायी बेतच अधिक आवडला आणि मूळ सहल सुरळीत होऊनही ती सगळी जणे रुसून बसली. म्हणून पर्याय मनात ठेवावा, घरात बोलू नये.

सर्वप्रथम पैशाचे पाहून घ्यावे, कारण पैसा अडकून राहिला की तोच दिवसभर बोलत राहतो. रेल्वेचे ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता (आरक्षणाची अंतिम यादी) लागल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षायादीत राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढू नये. गाडीच रद्द झाली तरी ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप मिळतात, खिडकीवरच्या तिकिटासाठी मात्र खिडकीवरच जावे लागते. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा धावत असेल आणि आपण प्रवास करणार नसू, तर आपल्या स्थानकातून ती सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा, त्याने पूर्ण परतावा मागता येतो. मुक्कामाच्या ठिकाणी एक फोन करावा. हे सगळे एकाच माणसाने, बाकीच्यांपासून दूर जाऊन, पंधरा मिनिटांत उरकावे.

यानंतरची पायरी म्हणजे बेत मोडल्याचे सर्वांना सांगणे. ही पायरी मला कित्येक वर्षे जमली नाही, आणि सहलीचा आनंद राहतो की जातो हे माझ्या मते येथेच ठरते.

एका मे महिन्यात आम्ही दिवेआगरला निघालो होतो. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली होती आणि आठही जण पहाटे पाचला सोसायटीच्या फाटकापाशी सामान घेऊन उभे होते. गाडीवाला फोनवर म्हणाला, “ऐरोलीला आलोय, दहा मिनिटांत पोहोचतो.” साडेसहाला तो अजून ऐरोलीतच होता. आठ वाजता गाडीत काही बिघाड निघाला होता. मी प्रत्येक फोननंतर मागे वळून, हसऱ्या चेहऱ्याने, “येईलच आता” असे सांगत होते. धाकटा बॅगेवर डोके ठेवून झोपला, सासूबाई उन्हात वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या, आणि गाडी कोणी ठरवली या प्रश्नावरून माझे यजमान आणि दीर यांच्यात जुंपली. गाडी कधीच आली नसती तर बरे झाले असते. ती दुपारी बाराला आली आणि आम्ही तिच्यात बसलो. रात्री नऊला दिवेआगरला पोहोचलो, दुसऱ्या दिवशी समुद्रावर दीड तास काढला आणि परत निघालो. त्या सहलीचे फोटो आमच्याकडे आहेत, पण ते कोणी पाहत नाही.

सात तासांच्या उशिरापेक्षा माझे ‘येईलच आता’ अधिक महागात पडले. बेत चालू आहे की संपला हे ठाऊक नसलेल्या माणसाला धड वैतागता येत नाही, घरी जाऊन चहा पिता येत नाही आणि दुसरा काही विचारही करता येत नाही. तेव्हापासून मी एक मुदत ठरवून टाकली आहे. दोन किंवा तीन दिवसांच्या सहलीतला पहिला अर्धा दिवस जाणार हे स्पष्ट झाले, की बेत मोडला असे समजायचे. त्याआधी वाचवण्याचा प्रयत्न जरूर करावा, पण तो एकाच माणसाने, एकच तास आणि इतरांना आशा न दाखवता करावा. मुदत संपल्यावर गाडी दारात येऊन उभी राहिली तरी तिच्यात बसू नये. हे कठोर वाटेल, परंतु मी यात तडजोड करत नाही.

आता सांगायचे कसे, ते पाहू. ज्याने बेत आखला त्यानेच सांगावे. दुसऱ्याने सांगितले की तो आरोप होतो. सर्वांना एकत्र बसवून एका वाक्यात सांगावे आणि कारण नंतर द्यावे. कारण आधी सांगू लागलो की ऐकणारे त्यातच तोड शोधू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला जायचे होते तेव्हा रात्री तक्ता लागला आणि आमची आठही तिकिटे प्रतीक्षायादीतच राहिली. मी दिवाणखान्यात येऊन म्हटले, “गणपतीपुळे रद्द. उद्या नाही, परवाही नाही.” ‘परवाही नाही’ हे शब्द गाळू नयेत. मुलगी रडली. सासूबाई म्हणाल्या, “मी आधीच म्हणत होते, दिवाळीत कोकणची तिकिटे मिळत नाहीत.” तेव्हा गप्प बसणे मला जड गेले, कारण त्या तसे काहीही म्हणाल्या नव्हत्या, पण गप्पच बसावे. साधारण अर्धा तास सगळ्यांना हवे तेवढे चिडू द्यावे, समजूत काढू नये आणि ‘यातही काही चांगले असेल’ असे तर चुकूनही म्हणू नये. यजमानांनी फोनवर एसटीची आसने शोधायला घेतली, तो फोन मात्र मी काढून घेतला.

राग ओसरल्याची खूण आमच्या घरी ठरलेली आहे: कोणीतरी डब्यांविषयी विचारते. मग डबे उघडावेत. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या प्रवासासाठी आहेत म्हणून राखून ठेवू नयेत.

बदली ठिकाण मूळ ठिकाणापेक्षा लहान असावे. गणपतीपुळ्याऐवजी अलिबाग उरकायला गेलात, तर दिवसभर तुलनाच होत राहील. घरातल्या सर्वांत दुखऱ्या गुडघ्यांना जमेल आणि संध्याकाळी परतता येईल असे एकच ठिकाण घ्यावे. घारापुरीची बोट गेटवेहून तासाभरात पोहोचते, पण लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या आहेत आणि सोमवारी लेणी बंद असतात. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद असते, तर राणीची बाग बुधवारी. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या नेहमीच्या बोटी बंद असतात. रविवार असेल तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते पाहून घ्यावे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये घेतलेला वसईचा किल्ला माझ्या विशेष आवडीचा आहे, कारण तेथे वसई रोड स्थानकावरून रिक्षा जाते आणि वृद्धांना सपाटीवर, झाडांखाली चालता येते.

गणपतीपुळे रद्द झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याहून कर्जत लोकल पकडली आणि कर्जतच्या फलाटावर दोन तास बसलो, एवढीच ती सहल. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी तेथे मागून जादा इंजिने जोडतात. घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे आणि 1863 पासून गाड्या तो चढत आहेत. मुलांनी इंजिने जोडताना पाहिली आणि प्रत्येक गाडीला किती लागली ते वहीत लिहिले. वडे दोनदा मागवले. सासूबाईंनी लहानपणी पुण्याला जाताना कर्जतच्या वड्यासाठी रात्री जागे राहत असल्याचे सांगितले. वीस वर्षांत मी हे कधी ऐकले नव्हते, आणि त्या दिवशीही माझ्या हातात वेळापत्रक असते तर ऐकले नसते.

दिवसभरात दोन गोष्टी टाळाव्यात. नातेवाईकांना फोन करून घडलेले सांगू नये, कारण प्रत्येक फोनबरोबर बेत नव्याने मोडतो. आणि त्याच सहलीची पुढची तारीख काढू नये. निदान आठ दिवस तरी तो विषय बंद ठेवावा.

घरी परतल्यावर, कितीही थकवा असला तरी, भरलेल्या बॅगा त्याच रात्री रिकाम्या कराव्यात. बॅगा दिवाणखान्यात राहिल्या की सकाळी कोणीतरी त्यांच्याकडे पाहून “आज निघालो तर?” असे विचारते. आमच्याकडे ते माझे दीर असतात, म्हणून बॅगा रिकाम्या करण्याचे काम मी त्यांनाच देते.