जनित्र फिरतंय, पण दिवा लागत नाही? या चुका टाळा

पुठ्ठ्याचं 8 × 8 × 3.5 सेंमीचं खोकं, मोठ्या बाजूंच्या मधोमध आरपार खिळा, खिळ्याला आयताकृती चुंबक आणि खोक्यावर 0.25 मिमी तारेचे 200 वेढे: वर्गातलं जनित्र एवढंच. दिवा लागला नाही की मुलं आधी जास्त ताकदीचे चुंबक मागतात. दोष मात्र बऱ्याचदा तारेच्या टोकांशीच निघतो.

वाइंडिंगची तार उघडं तांबं वाटते, पण तिच्यावर वीज अडवणारा इनॅमलचा थर असतो. दोन्ही टोकं 2 सेंमीपर्यंत, सगळ्या बाजूंनी पॉलिश पेपरने घासा. मग मल्टिमीटरने तारेचा रोध मोजा. 200 वेढ्यांना जवळपास 50 मीटर तार लागते, त्यामुळे 17-18 ओहम दिसायला हवेत. आकडाच येत नसेल तर थर शिल्लक आहे किंवा तार आत तुटली आहे.

दुसरी चूक बल्बची. टॉर्चचा 0.3 अँपिअरचा बल्ब इथे लागणारच नाही. तेवढी धारा वाहायला नुसत्या गुंडाळीवरच 5 व्होल्ट खर्च होतील, आणि हाताने फिरवून मिळतो जेमतेम एखादा व्होल्ट. लाल एलईडीला फार थोडी धारा पुरते, पण सुमारे 1.8 व्होल्ट लागतात. म्हणून वेढे 400 करा आणि खिळा बॅटरीच्या ड्रिलने फिरवा. दोन एलईडी उलटसुलट जोडले तर आळीपाळीने लागतात. दिशा बदलणारी धारा मुलांना डोळ्यांनी दिसते.

मीटर डीसीवर (एकाच दिशेच्या धारेवर) ठेवून खिळा जोरात फिरवला तर आकडा शून्याजवळच राहतो. तो एसीवर (दिशा बदलणाऱ्या धारेवर) घ्या. स्वस्त मीटरमध्ये एसीची सर्वांत लहान पट्टी (रेंज) 200 व्होल्टची असते, तिच्यावर एक व्होल्ट धड कळत नाही. अशा वेळी डीसी 2 व्होल्टवर ठेवून खिळा अगदी सावकाश फिरवा. आकडा अधिक-उणे झुलला की गुंडाळी ठीक आहे.

चुंबकांचे ध्रुव खिळ्याला आडवे हवेत: एका बाजूला उत्तर, समोर दक्षिण. चकती चुंबक खिळ्याच्या डोक्यावर बसवला तर तो स्वतःभोवतीच फिरतो, गुंडाळीतला चुंबकीय प्रवाह बदलत नाही आणि वीज शून्य. खिळ्याच्या दोन्ही बाजूंचे वेढेही एकाच दिशेने घ्या. उलटे घेतले तर एका भागाची वीज दुसरा खाऊन टाकतो.

चुंबक पुठ्ठ्याला घासत असतील तर ते कापून लहान करायला जाऊ नका, फुटतात. खोकंच थोडं मोठं करा, सगळीकडून 3-4 मिमी जागा सुटेल इतकं.