सणावारांत अंगावर पाजताना या चुका टाळा

भाद्रपदाचा पहिला आठवडा अंगावर पाजणाऱ्या आईची चांगलीच परीक्षा पाहतो. तृतीयेला हरतालिकेचा निर्जळी उपवास व जागरण, चतुर्थीला पहाटेपासून मोदकांची उकड आणि त्यानंतर लगेचच गौरी. हा आठवडा सरला की ‘दूध आटले’ अशी तक्रार सुरू होते. प्रत्यक्षात अनेकदा दूध आटलेले नसते, तर मधल्या दिवसांत पाजण्याच्या वेळा चुकलेल्या असतात.

गौरीपूजनाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी दहाला नेसलेल्या काठपदराच्या साडीवर मागे हुक असलेले घट्ट ब्लाउज असते, सोळा भाज्यांचा स्वयंपाक चालू असतो आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असते. ते मूठ चोखू लागले, मान वळवून तोंड उघडू लागले, तरी ‘आत्ताच तर प्यायले’ म्हणून कोणीतरी त्याला जोजवते आणि शेवटी ते रडून लाल झाल्यावर वरचे दूध बाटलीने पाजले जाते. रडणे ही भुकेची उशिराची खूण आहे. स्तन जितके रिकामे होतात तितके पुढचे दूध तयार होते. म्हणून चुकलेली प्रत्येक वेळ आणि वरच्या दुधाची प्रत्येक बाटली पान्हा थोडा कमी करते. नवजात बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, आतली एक खोली मोकळी ठेवावी आणि ब्लाउज पुढे हुक असलेलेच शिवून घ्यावे.

वेळ चुकणारच असेल तर हाताने दूध काढून ठेवता येते. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास व फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. मात्र दोन शेगड्या पेटलेल्या आपल्या स्वयंपाकघराला खोलीचे तापमान म्हणणे धाडसाचे ठरेल. ते थेट फ्रिजमध्ये, पेढ्यांच्या डब्यांमागे, आतल्या बाजूला ठेवावे, दारात नव्हे, आणि वाटी-चमच्याने पाजावे.

आता उपवास. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. एका दिवसाच्या उपवासाने दूध लगेच थांबत नाही, पण त्याची किंमत आईचे शरीर मोजते: चक्कर येते, डोके दुखते, लघवी गडद व कमी होते. बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, तर त्याचे अन्न आणि पाणी दोन्ही हेच असल्याने निर्जळी उपवास करूच नये. यात धर्म आड येत नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे परंपरेतील श्लोकच सांगतो. फराळ करायचाच तर नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नये, कारण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्याच्या जोडीला राजगिरा, शेंगदाणे, ताक, रताळे असावे. भगरीचे सुटे पीठ घेणे टाळावे, कारण उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडलेल्या आहेत. उलट, पुरणपोळीने बाळाला वायू होईल ही भीती सोडावी; आईच्या पोटातील वायू दुधात उतरत नाही.

पूजेनंतर बाळाच्या जिभेला पंचामृताचे बोट लावण्याची हौस सर्वांनाच असते, परंतु त्यात मध असतो. वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे ते बोट कपाळाला लावावे.

गणपतीसाठी एसटीने गावी निघालात, तर अनेक बसस्थानकांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. ज्या गवळणीच्या नावाने ते आहेत, ती तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरली ती रात्र कोजागिरीची, म्हणजे सणाचीच होती, अशी आख्यायिका आहे.

दूध पुरते का, हे छाती हलकी वाटण्यावरून ठरवू नये. पहिला आठवडा उलटलेले, फक्त अंगावर पिणारे बाळ चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले करत असेल, तर ते पुरते. याउलट छाती दगडासारखी दाटली, तर पाजण्याआधी थोडा वेळ कोमट शेक व नंतर गार कपडा ठेवावा आणि बाळाला वारंवार पाजत राहावे. लाल, दुखरा चट्टा उठून थंडी-ताप आला, तर विसर्जन होईपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि त्या बाजूने पाजणेही बंद करू नये.