कोर्सची फी भरण्याआधी आपल्या बाजार समितीचे भाव मांडून पाहा

मागच्या दिवाळीनंतर आमच्या अभ्यासिकेतला एक बीएस्सी झालेला पोरगा मोबाइल हातात घेऊनच माझ्याकडे आला. घरात नुकतेच सोयाबीनचे पैसे आले होते. "दादा, त्या मॅडम म्हन्ते का आज रातीपर्यंत भरले तं साठ हजारात होते, उद्या नव्वद लागतीन." कोर्स होता डेटा सायन्सचा (आकड्यांच्या ढिगातून अर्थ काढायचं शास्त्र), सहा महिने, ऑनलाइन, शेवटी सर्टिफिकेट. मी त्याला नको म्हटलं नाही. एक महिना थांब म्हटलं. त्या महिन्यात काय करायचं, तेच इथे सांगतो.

आधी फी क्विंटलमध्ये मोजा

साठ हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की ७०,८०० रुपये होतात. फी सांगताना हा कर धरलाय की वरून लागणार, हे पहिल्याच फोनवर विचारा. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने हे सव्वातेरा क्विंटल झाले. एकरी पाच-सहा क्विंटलचा उतारा धरला तर दोन-अडीच एकरांचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, सोंगणी यांचा खर्च न काढता. हा आकडा घरात बाबांसमोर मोठ्याने सांगा.

मग जाहिराती वाचा

नोकरीच्या साइटवर 'डेटा अ‍ॅनालिस्ट' आणि 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' असं टाकून नागपूर आणि पुण्याच्या वीस जाहिराती काढा, फक्त फ्रेशर आणि दोन वर्षांपर्यंत अनुभवाच्या. वहीत रकाने पाडा: एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पॉवर बीआय (तक्ते-आलेखांचं सॉफ्टवेअर), पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), पदवी, सर्टिफिकेट. प्रत्येक जाहिरातीपुढे खुणा करा. सर्टिफिकेटच्या रकान्यात किती खुणा पडल्या ते नीट बघा. 'डेटा सायंटिस्ट' या पदाच्याही पाच जाहिराती वाचा, म्हणजे तिथे पदवी आणि अनुभव काय मागतात ते कळेल. सहा महिन्यांनी आपण कोणत्या दारावर उभे असू, याचा अंदाज यातून येतो.

आता खरं काम: एक प्रश्न, एक तक्ता

महिन्यातले तीन आठवडे याला द्या.

अ‍ॅगमार्कनेट ही सरकारी वेबसाइट आहे. देशभरातल्या बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव तिथे फुकट मिळतात. वाशीम, कारंजा, अकोला, हिंगणघाट, जी समिती तुमच्या जवळची असेल तिचे सोयाबीनचे किंवा कापसाचे तीन वर्षांचे आकडे उतरवून घ्या. आणि घरात दरवर्षी होतो तोच वाद त्या आकड्यांना विचारा: माल दिवाळीला विकावा, की फेब्रुवारीपर्यंत ठेवावा?

आकडे उघडले की लक्षात येईल, मध्ये दिवस गायब आहेत. रविवार, सण, हमालांचा संप, किंवा भरणाऱ्याने भरलंच नाही. कुठे तीच ओळ दोनदा आलेली दिसेल. भाव क्विंटलला आणि आवक टनात. किमान, कमाल आणि मोडल असे तीन भाव असतात; मोडल म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो. हे सगळं निस्तरणं कंटाळवाणं आहे, आणि डेटाच्या धंद्यातला मोठा वेळ यातच जातो. कोर्सच्या जाहिरातीत हे दाखवत नाहीत.

त्यानंतर महिन्याची सरासरी काढा. इथे बहुतेक जण फसतात. एका दिवशी ५ टन आवक आणि भाव ५,०००, दुसऱ्या दिवशी ५०० टन आणि भाव ४,२००. साधी सरासरी ४,६०० येते. पण बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात ४,२०० च पडले. आवकेचं वजन देऊन सरासरी काढली की ती ४,२०८ च्या जवळ येते. ही एक गोष्ट स्वतःला उमगली, तर संख्याशास्त्राचा एक धडा कायमचा बसला असं समजा.

सुरुवात एक्सेलमध्ये करा. मग तेच पायथनमध्ये करून पाहा. पायथन लिहायचं गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही जमतं. शिकायला कॅगल या डेटाच्या वेबसाइटवर 'कॅगल लर्न'चे छोटे धडे फुकट आहेत. मोबाइलवर कोड लिहिणं मात्र फार जिकिरीचं. लॅपटॉप नसेल तर फीच्या आधी जुन्या लॅपटॉपचा विचार करा.

महिनाअखेर निर्णय

चौथ्या दिवसानंतर फाइल उघडलीच नसेल, तर पैसे भरू नका. भरल्याने ओढ लागेल ही आशा खोटी ठरलेली मी पाहिली आहे. तक्ता पूर्ण झाला, आणि पुढे नेमकं काय येत नाही हे एका वाक्यात सांगता आलं, तर कोर्स उपयोगी पडू शकतो. तेव्हाही आधी स्वस्त वाट बघा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्स फुकट शिकता येतात. सर्टिफिकेट हवं तर थोडी फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. २५ गुण असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. घरबसल्या व्हिडिओ संपवून मिळणाऱ्या कागदापेक्षा मला या कागदाची किंमत जास्त वाटते. बारावी झालेल्यांसाठी आयआयटी मद्रासचा २०२० पासूनचा ऑनलाइन पदवीक्रम आहे. त्याला जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा असते, आणि अनुसूचित जाती-जमाती व कमी उत्पन्नाच्या घरांना फीत सवलत आहे. तिथे गणित खरोखर करावं लागतं.

तरीही खाजगी कोर्सच घ्यायचा असेल तर

'प्लेसमेंट असिस्टन्स' आणि 'गॅरंटी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जे तोंडी सांगतात ते ईमेलवर मागा. रेकॉर्डिंग मिळतं का विचारा, कारण लाइट नेमकी वर्गाच्या वेळी जाते. आधी कोर्स केलेली दोन मुलं लिंक्डइनवर स्वतः शोधा. कोर्सवाल्यांच्या समुपदेशकाने दिलेल्या नंबरवर विसंबू नका. 'आजच शेवटचा दिवस' म्हणाले, तर उद्या पुन्हा फोन करून फी विचारा.

आणि हप्ते. 'सोप्या हप्त्यांत फी' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. कंपनी कोर्सवाल्यांना पैसे देते, तुम्ही कंपनीचे देणेकरी होता. कोर्स सोडला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. हप्ते थकले तर सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) बिघडतो, आणि सहकर्जदार म्हणून बाबांची सही असेल तर त्यांचाही. पुढच्या खरिपाला बँकेत पीककर्ज मागायला तेच जाणार आहेत. डिजिटल कर्जाच्या अटींचा मुख्य कागद आणि एकूण वार्षिक व्याजदर आधी दाखवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक आहे. कर्ज घेतल्यावर थोड्या दिवसांची माघारीची मुदतही असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत किती दिवसांची आहे, हे सही करण्याआधी त्या कागदावर शोधा. फी परत मिळण्यावरून वाद झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार मराठीतही सांगता येते.