मुलगा सोळा-सतराचा आणि गुन्हा मोठा : पहिल्या तीन महिन्यांत घरच्यांनी काय करावं

माझ्या बहिणीचा मुलगा आठ वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, एका मारामारीत पकडला गेला. त्यात एका पोराचा जीव गेला होता. त्या गेलेल्या पोराच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. पण तेव्हा आमच्यापुढे प्रश्न एकच होता : आमचं पोर बाल न्याय मंडळापुढेच राहणार, की मोठ्या माणसासारखा त्याच्यावर खटला चालणार? त्यानंतर वस्तीतल्या कितीतरी आयांबरोबर मी डोंगरीला गेले. तिथे जे शिकले ते लिहिते.

आधी योग्य दार. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून माझी बहीण डबा घेऊन थेट वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात पोचली होती. तिथे घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा असली प्रकरणं चालतात. अठराच्या आतल्या मुलाला पोलिसांनी चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी बाई. मुंबईत हे काम डोंगरीच्या निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, चालतं. जुना तुरुंग तो, टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढले तोच. आत जाताना भिंती बघूनच आयांचा धीर सुटतो. पण पोराला पोलीस कोठडीपेक्षा ही जागा बरी, हे मनाशी पक्कं धरा.

आता कागद. वय गुन्ह्याच्या दिवशीचं मोजतात, आणि सोळा ही मोठी रेघ आहे. सोळा पूर्ण नसतील तर गुन्हा कितीही भयंकर असो, प्रकरण मंडळातच राहतं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात. आमच्या भाच्याचंही तेच झालं होतं. शाळेच्या तारखेने तो सोळा वर्षं दोन महिन्यांचा. महापालिकेच्या दाखल्यावर जन्म १९ ऑक्टोबरचा, म्हणजे घटनेच्या दिवशी सोळाला दोन महिने कमी! कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. बहीण शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा घेऊन आली. १ जूनच्या नोंदीला आधार म्हणून एकही कागद जोडलेला नव्हता. मंडळाने महापालिकेचा दाखला धरला. म्हणून सांगते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका. सगळे कागद काढा, मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा.

तिसरी गोष्ट कलमाची. वकिलांना एवढंच विचारा : या कलमाला कमीत कमी शिक्षा किती? ती सात वर्षं किंवा जास्त असेल तरच गुन्हा कायद्याच्या भाषेत ‘निर्घृण’ ठरतो, आणि तरच सोळा ते अठराच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याचा प्रश्न येतो. खून, बलात्कार यांत येतात. खुनाचा प्रयत्न येत नाही, कारण तिथे किमान शिक्षाच लिहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पुण्यात कल्याणीनगरच्या २०२४ च्या अपघातात सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ धरा असा पोलिसांचा अर्ज होता. मंडळाने तो जुलै २०२५ मध्ये फेटाळला.

कलम निर्घृण असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम कळण्याची समज आणि प्रसंग कसा घडला, हे तिथे बघतात. गुन्हा केला की नाही, हे तिथे ठरत नाही. हा फरक मुलाला नीट समजावून सांगा, नाहीतर पोर घाबरून काहीही कबूल करतं. मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागते, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. तज्ज्ञांना बोलावलंय का, हे वकिलांमार्फत विचारा.

परिवीक्षा अधिकारी, म्हणजे घरची परिस्थिती बघून मंडळाला अहवाल देणारे, घरी येतील, त्या दिवशी घर आवरून शोभेचं करू नका. एका घरी मी होते. अधिकारी बाई विचारत होत्या, मुलगा झोपतो कुठे? आईने लाजून पलंग दाखवला. खरं तर तो माळ्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी झोपायचा आणि पहाटे चारला दूध टाकायला जायचा. मी मध्ये पडून ते सांगितलं. त्यांनी माळ्यावर चढून बघितलं, लिहून घेतलं. शाळा कधी सुटली, बाप किती पितो, मुलाला कामाला कोणी लावलं, डोक्याला मार लागला होता का, सगळं सांगा. सामाजिक तपासणी अहवालात हेच जातं. तिथे नसेल तर पुढे कोण विचारणार?

आणि हे फार महत्त्वाचं. मुलाबरोबर मोठी माणसं आरोपी असतील तर त्यांचा वकील तुमचा वकील नको. ‘तू लहान आहेस, तुला काही होत नाही, अंगावर घे,’ असं पोरांना सांगितलं जातं. मी स्वतः ऐकलंय. मुलाचं प्रकरण वेगळंच चालतं, मोठ्यांबरोबर नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला वकील फुकट मिळतो.

जामीन मागायला कचरू नका. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन देणं हाच नियम आहे. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला धोका होईल किंवा न्यायाला बाधा येईल असं दिसलं तरच नाकारतात. जुनी टोळी गल्लीतच असेल तर गावच्या आत्या-मामाचा पत्ता द्या, आणि त्यांना तारखेला घेऊन या.

मूल्यांकन विरुद्ध गेलं तर आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा. सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात. प्रकरण बाल न्यायालयात, म्हणजे असा खटला चालवणाऱ्या कोर्टात, गेलं तरी तिथले न्यायाधीश पुन्हा विचार करून मुलाला मूल म्हणूनच वागवू शकतात. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात पाठवत नाहीत, सुरक्षित ठिकाणी ठेवतात. तिथे तो शिकत असेल तर वह्या, परीक्षेची हॉल तिकिटं, शिक्षकांची पत्रं त्याच कागदांच्या पिशवीत जपून ठेवा. एकविसाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, तेव्हा हीच पिशवी उघडायची असते.