मुक्त सॉफ्टवेअर बसवून देताना या चुका टाळा

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मला लिनक्ससाठी, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीसाठी, बोलावणी येतात. बसवणं अर्ध्या तासाचं काम. घोळ नंतर होतो, आणि बहुतेक वेळा तो वापरणाऱ्याचा नसतो, आपला असतो.

खानापूरच्या एका पतसंस्थेत मावशींनी वर्डचं पत्र लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, दोन ओळी बदलल्या, कंट्रोल-एस दाबलं. समोर खिडकी: 'कीप करंट फॉरमॅट?' खाली दोन बटणं, एकावर वर्ड, दुसऱ्यावर ओडीएफ (लिब्रेऑफिसचा स्वतःचा फाइल-प्रकार). "आता हे काय विचारायलंय?" म्हणत त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी माऊस ओढून घेतला. सगळ्यात मोठी चूक हीच. पुढे आठवडाभर खिडकी आली की मला फोन. हात मांडीवर ठेवून गप्प बसलो असतो, तर तेव्हाच कळलं असतं की ओडीएफ हा शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नाही आणि पत्र पुसलं जाईल ही त्यांची खरी धास्ती.

इलाज सोपा आहे. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन 'ऑल्वेज सेव्ह ॲज'मध्ये वर्ड निवडा, आणि ओडीएफमध्ये सेव्ह न केल्यास सूचना देण्याच्या त्याच पानावरच्या पर्यायाची खूण काढा. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं.

दुसरी गोची लिपीची. आपल्याकडे कागद मराठीत आणि कन्नडमध्येही फिरतात. जुन्या नुडी या कन्नड फाँटातला अर्ज त्या फाँटाशिवाय उघडला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते, आणि शिव्या लिनक्सला बसतात. तोच फाँट टाका, नाहीतर पीडीएफ मागवा. लिब्रेऑफिसात मराठीचा फाँट 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' नावाच्या वेगळ्या कप्प्यात असतो. (हे नाव ठेवणाऱ्याला मराठी टायपिस्ट भेटला नसावा.) टायपिंग शिकवायचं तर इनस्क्रिप्टच, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची सामायिक कीबोर्ड मांडणीच शिकवा. मराठीचा क ज्या बटणावर, कन्नडचाही त्याच बटणावर, म्हणजे एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा आल्या.

फोटो स्टुडिओत गिंप हे फोटो सुधारायचं मुक्त सॉफ्टवेअर देताना आधीच सांगा: 'सेव्ह' केलं की गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइलच होते, जेपीजीसाठी 'एक्सपोर्ट'. २०१२च्या २.८ आवृत्तीपासून असंच आहे.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तक्रार कळवताना "चालत नाही" एवढंच लिहू नका. माणसाने काय दाबलं, काय होईल असं त्याला वाटलं आणि झालं काय, हे क्रमाने लिहा. बनवणाऱ्यांना मावशींची ती धास्ती एरवी कळणार कुठून?

मावशींचा फोन आता फक्त प्रिंटरसाठी येतो. काही लेझर प्रिंटरांचा ड्रायव्हर लिनक्सवर धड मिळतच नाही. तेव्हा आधी लिनक्स न बसवता पेनड्राइव्हवरूनच (लाइव्ह) चालवून बघा, एक पान मराठीत आणि एक कन्नडमध्ये छापून बघा, मगच जुनी विंडोज पुसा.